साडेपाचचं इंजेक्शन

दुखणं मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या मज्जातंतूंवर तिचं संशोधन चालू होतं. काचेच्या बशीतल्या पेशींना जरासा चटका दिला, की पडद्यावर रेघ उसळायची आणि चटका किती लागला, ते त्या रेघेवरून ती अचूक सांगायची.

तिकडे घरी बाबांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. ती रोज संध्याकाळी सहाला फोन करायची.

"बाबा, फार दुखतंय का हो?"

"छे गं, मजेत आहे. हातातलं काम टाकून धावत येऊ नकोस."

आवाज इतका मोकळा, की तिला खरंच वाटायचं. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. घरी येणारी नर्स चाचरत म्हणाली,


"ताई, दिवसाला एकच इंजेक्शन असायचं. दिवसभर कळवळायचे, पण साडेपाचच्या आधी टोचू द्यायचे नाहीत."