राजधानी कुणाच्या शहरात

राजधानीच्या शर्यतीत दोनच शहरं उरली होती, आणि त्या दोन शहरांच्या महापौर होत्या दोघी सख्ख्या बहिणी. धाकटीच्या शहरात संसद उभी राहणार, या नुसत्या कल्पनेनंच थोरलीच्या पोटात दुखायला लागे. निवड समितीपुढे आपल्या शहराचं बंदर आणि रुंद रस्ते यांबद्दल बोलायचं, असं ठरवूनच ती गेली होती. पण दालनातून बाहेर पडणारी धाकटी गालातल्या गालात हसताना दिसली आणि हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आम्हाला नाही दिलीत तरी चालेल," ती समितीला म्हणाली, "पण तिला देऊ नका!"

अध्यक्षांनी चष्मा काढला. "बाई, तुमच्या बहीणही आत्ता हेच सांगून गेल्या."

महिन्याभरात निर्णय झाला. दोन्ही शहरं बाद झाली आणि राजधानी मधल्या माळावर नव्यानं वसवायची ठरली. नेमकी कुठे, हे ऐकायलाही थोरली थांबली नाही. धाकटीला मिळाली नाही, या आनंदात तिनं सगळ्या कचेरीला मिठाई वाटली.

तोंड गोड असतानाच आईचा फोन आला.

"अगं, मोजणीवाले आपल्या अंगणात खुंट्या ठोकून गेले. सगळं गाव उठवणार म्हणे. माझं काय, मी कुठेही राहीन. पण आता माहेरी म्हणून तुम्ही दोघी कुठे याल गं?"