अबोल्यावरचा बोर्ड

दुकानदाराने तिसरा मदरबोर्ड जोडला, तशी निरंजनची आई स्पीकरमधून खणखणीत बोलली, "भाऊ, याला सांगा, असा पुढ्यात उभा राहू नकोस."

"आई, माझ्याशी बोल ना!"

स्पीकर गप्प. मावशी गेल्याचं निरंजनने तेरावं होईपर्यंत आईपासून लपवलं होतं, तेव्हापासूनचा हा अबोला. आईच्या शेवटच्या घटकेला त्याने तिचं मन चिपमध्ये उतरवून घेतलं, तर फणसाच्या चिकासारखा अबोलाही चिकटून आला.

"बोर्डच हलका आहे तुमचा," निरंजन खेकसला. "याहून भारी दाखवा."

"बोर्डाला कशाला नावं ठेवता, साहेब? माझ्याशी बोलतायत की त्या." दुकानदाराने कपाटातून काळी पेटी काढली. "हा सगळ्यांत भारी. मनातला राग खरवडून काढतो. पण ज्या माणसापायी राग आला, ते माणूसही पुसतो. आपल्याला बहीण होती, हेच त्यांना आठवणार नाही."

"हाच बसवा."



"बसवा, भाऊ," आई दुकानदाराला म्हणाली. "आणि याला म्हणावं, मग जी उरेल, तिलाच आई म्हण."