चौदावा एरिक आणि इंद्रजित

रूपालीच्या तोंडून ‘एरिक’ हे नाव अकराव्यांदा निघालं आणि इंद्रजितनं तोंडातला तिळाचा लाडू चावायचा थांबवला. तो मोजत होता. ग्लासगोच्या चर्च हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, पन्नासेक माणसांच्या देखत स्टेजवरून आपली बायको दुसऱ्या पुरुषाबद्दल इतक्या जिव्हाळ्यानं बोलतेय आणि मंडळातले सगळे माना डोलावताहेत, हे त्याला बघवत नव्हतं.

दुसरा पुरुष म्हणजे स्वीडनचा राजा. चौदावा एरिक. त्याला मरून साडेचारशे वर्षं होत आली होती. मेलेल्या माणसावर कुणी जळतं का? इंद्रजित जळत होता. गेली तीन वर्षं जळत होता, आणि कुणाला सांगायचीही सोय नव्हती. लोक हसले असते.

रूपाली त्या राजाच्या घराण्यावर पीएचडी करत होती. सकाळी चहाबरोबर एरिक, गाडीत एरिक, सोफा बघायला दुकानात गेलं तरी एरिक. त्याची पत्रं वाचता यावीत म्हणून बाई चव्वेचाळिसाव्या वर्षी लॅटिन शिकल्या. इंद्रजितनं ऑफिसातलं काही सांगायला घेतलं की ती नुसतं ‘हं’ म्हणायची. राजा ल्यूट किती छान वाजवायचा, हे सांगताना मात्र तिचा चेहरा खुलायचा. “बाबा, तू किंगवर जेलस आहे,” असं त्यांची बारा वर्षांची अन्वी एकदा फिदीफिदी हसत म्हणाली होती. इंद्रजितनं तिला होमवर्कला पिटाळलं होतं.

शुक्रवारी मात्र त्यानं राजाचा काटा काढला. कंपनीनं चारशे मैलांवरच्या ब्रॅकनेलच्या ऑफिसात वरची जागा देऊ केली, आणि त्यानं तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. रूपालीची युनिव्हर्सिटी, तिची सुपरवायझर, शिकवायला मिळालेले दोन वर्ग, सगळं ग्लासगोत होतं. प्रबंधाचं वर्षभराचं काम बाकी होतं. ते तिकडून जमेल तसं करेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. जमणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यामुळेच तर मनात गुदगुल्या होत होत्या. पुण्यातली कॉलेजची नोकरी सोडून ती त्याच्यामागे मँचेस्टरला आली होती, मँचेस्टरहून इथे आली होती. कधी कुरकुर केली नव्हती. आताही येईल. चांगला मूड बघून सांगू.

फक्त मंडळाच्या अध्यक्षांना, उदयरावांना, तेवढं कळवावं लागलं होतं. मंडळाची साउंड सिस्टिम इंद्रजितकडे असायची, ती दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालायची होती. “इतक्यात कुठे बोलू नका,” हे वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. पण बायकोला अजून माहीत नाही, हे एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाला सांगायचं कसं? तो स्पीकरच्या वायरींबद्दलच बोलत राहिला होता.

स्टेजवर रूपालीनं पुढची स्लाइड लावली. राजाचं घराणं.

“आता याची दुसरी बाजू बघा,” ती म्हणाली. “एरिक अतिशय संशयी होता. धाकट्या भावावर, योहानवर, तो जळायचा. योहाननं त्याच्या मर्जीविरुद्ध पोलंडच्या राजकन्येशी लग्न केलं. कातारिना तिचं नाव. एरिकनं भावाला कैद केलं आणि वहिनीपुढे दोन पर्याय ठेवले. वेगळी राहिलीस तर मोकळी, नवऱ्याबरोबर गेलीस तर कैद. तिनं, असं सांगतात, बोटातली अंगठी पुढे केली. तिच्यावर कोरलं होतं, मृत्यूशिवाय कुणीही नाही. चार वर्षं ती त्याच्याबरोबर कैदेत राहिली. एरिक नंतर भ्रमिष्ट झाला, आणि योहाननंच त्याला गादीवरून खाली खेचलं.”

हॉलमध्ये टाळ्या कडाडल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी तर डोळे टिपले. इंद्रजितला कधी नव्हे इतकं बरं वाटलं. म्हणजे राजा भ्रमिष्ट होता! मत्सरी होता! आणि रूपालीचा आवाज भरून आला होता तो त्या नवऱ्यामागे जाणाऱ्या बाईसाठी. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला बायको पुन्हा आपली वाटली. त्यानं सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात उदयराव शाल आणि नारळ घेऊन स्टेजवर चढले. गाव सोडून जाणाऱ्या जोडप्याला शाल-श्रीफळ द्यायचं, ही मंडळाची जुनी पद्धत. इंद्रजितच्या हातातली लाडवाची प्लेट कलंडली.

“थांबा, थांबा, अजून एक अनाउन्समेंट!” उदयराव माइकवर म्हणाले. “आपला इंद्रा बिग प्रमोशन घेऊन ब्रॅकनेलला चाललाय! वहिनी, वुई विल मिस यू. पण बघा हं, आत्ता सांगितलीत ती राणी आणि तुम्ही, अगदी सेम! नवरा जाईल तिकडे!”

पुन्हा टाळ्या. नारळ रूपालीच्या हातात आला. तिनं इंद्रजितकडे पाहिलं. तो जमिनीवरचे तीळ वेचत होता. टाळ्या संपल्या तरी त्यानं मान वर केली नाही, आणि तिला काय ते कळलं.

तिनं नारळ टेबलावर ठेवला. खांद्यावर येणारी शाल हातानं अडवली आणि माइक जवळ ओढला.

“सेम नाही, उदयदादा,” ती म्हणाली. “त्या वेड्या राजानं तिला आधी विचारलं होतं.”