बोनेटखालचा मारुती

“खबरदार हात लावला तं! देव हाये थो!”

महादेवराव असे ओरडले की खुशालराव मिस्त्रीच्या हातातला पेचकस खालीच पडला. पिकअपचं बोनेट उघडं होतं. आत इंजिनाच्या कुशीवर बोटभर जाडीचा शेंदूर बसलेला, वर रुईचं सुकलेलं पान. त्या शेंदराखाली कुठंतरी इंजिनाचा नंबर होता आणि खुशालरावला तोच हवा होता.

इंजिनाच्या जोडातलं हेड गॅस्केट जळलं होतं. नवं आणायचं, तर इंजिन कुठलं ते कळायला हवं. गाडीची बॉडी एका कंपनीची आणि पोटात भलतंच काहीतरी! आधीच्या मालकानं काय बसवून ठेवलं होतं, देव जाणे. जीपचं नाही, ट्रॅक्टरचं नाही, मेटाडोरचंही नाही. पातूरचे सगळे मिस्त्री डोकं खाजवून परत गेले होते.

“नावच माहीत नाही, तं सामान कोणतं मागवू? माह्यं कपाळ?” खुशालराव करवादला.

महादेवरावांची मुलगी रागिणी बाजूला उभी होती. मळ्यातली शेवंती तोडणीला आली होती. रोज पहाटे ती फुलं घेऊन अकोल्याला जायची, स्वतः गाडी हाकत. सुरुवातीला महादेवरावांनी साफ नाही म्हटलं होतं. पोरीची जात, एकटी, घाटाचा रस्ता! शेवटी ते एका अटीवर राजी झाले. गाडीत मारुती बसला पाहिजे. त्यांनी स्वतः इंजिनाला पहिलं शेंदराचं बोट लावलं आणि मगच चावी दिली. पुढं दर शनिवारी शेंदूर लावायचं काम रागिणीच्या आईकडे, गोदाबाईंकडे आलं. घरातली बाकीची कामं त्यांच्याकडे जशी आली होती, तसंच हेही.

“मंग निदान आवाज तं ऐकू द्या,” असं म्हणत खुशालरावनं गाडी चालू केली.

इंजिन धडधडलं. धूर निघाला. अख्खी गाडी थरथरायला लागली. तेवढ्यात काहीतरी कटकन वाजलं आणि शेंदराचा तो अख्खा थर, जसाच्या तसा, सुटून खाली आला.

खुशालरावनं घाईघाईनं गाडी बंद केली. महादेवरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि भुईवर डोकं टेकलं.

“देवानं खोळ सोडली,” ते पुटपुटले. “आपल्या दारात, बापा!”

जुन्या मारुतीच्या अंगावरचं शेंदराचं कवच कधीतरी आपोआप गळतं, हे गावोगावी ऐकलेलं असतं. दिसतं कोणाला? खुशालरावच्याही अंगावर काटा आला. त्यानं हात जोडले, मग हळूच फडक्यानं लोखंड पुसलं. नंबर लख्ख दिसला. त्यानं फोटो काढून अकोल्याच्या सामानवाल्याला पाठवला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला.

“खुशालभाऊ, हे कोन्या गाडीचं इंजिनच नाही. बोटीचं हाये. समुद्रातल्या मासे धरायच्या बोटीचं. गॅस्केट मुंबईहून मागोतो.”

कुठं समुद्र आणि कुठं पातूर! रागिणी डोळे विस्फारून त्या लोखंडाकडे बघत राहिली. मग एकदम खळखळून हसली. “बापा! मी बोट चालवून राहिली होती!” महादेवरावही हसले. शेवंती आता मळ्यात सुकणार नव्हती.

आणि रागिणीच्या पायावर गरम पाण्याचा थेंब पडला.

खुशालराव वाकला. पुसलेल्या लोखंडातून पाणी झिरपत होतं. त्यानं टॉर्च मारली आणि त्याचा चेहराच उतरला. इंजिनाला वीतभर भेग होती.

“आजची नाही ही,” तो म्हणाला. “कडा पाहा, गंजून गेल्या. लय वर्सं झाले. हे इंजिन एक दिवस चालाले नाही पाहिजे होतं.”

महादेवरावांनी हात पुढं केला. “चावी दे.”

“बाबा, भेग बुजते. काका, बुजते ना?”

“बुजते. पितळ भरून देतो मी.”

“चावी दे म्हणतो ना! देव हाये म्हून तुले जाऊ देलं. अन् खाली हे फुटकं लोखंड! पोरगी यावर घाट उतरून राहिली अन् मी घरी खुशाल झोपून राहिलो. फुलं सडली तं सडू दे. आता तू गाडीवर बसायची नाही.”

रागिणीनं चावी दिली. तिचे डोळे भरून आले होते.

खुशालरावनं शेंदराचं कवच उचललं, उलटं केलं. भेगेच्या जागी ते सगळ्यात जाड होतं, दगडासारखं घट्ट. बोटांनी दाबून दाबून बसवलेलं. त्यानं वास घेतला.

“मारुतीले तं तीळतेल लावतात. हे जवसाचं हाये. वयनी, हे तुमी केलं?”

गोदाबाई फुलांची टोपली घेऊन दारातच उभ्या होत्या.

“पाणी येत होतं तिथून,” त्या म्हणाल्या. “तीळतेलातला शेंदूर वाहून जाये. जवसाच्या तेलातला गोटा झाला. मंग दर शनवारी, गाडी पुरी थंडी झाली का, तिथं दाबून लावत गेली.”

महादेवराव त्यांच्याकडे बघतच राहिले. “मले काहून नाही सांगतलं?”

गोदाबाईंनी त्यांच्या मुठीतली चावी सोडवून घेतली आणि रागिणीच्या हातात दिली.

“तुमी पोरगी देवाच्या भरोशावर सोडली होती,” त्या म्हणाल्या. “अन् देव माह्या भरोशावर होता.”