बोटांना विचारते

तिने बटण दाबलं आणि प्रसूतिगृहाच्या कॉम्प्युटरवरच्या एकोणीस हजार जुन्या फायली भराभर पडद्यावर उघडल्या. प्रोग्राम तिनेच लिहिलेला. एरवी तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. पण पानापानावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा नुसता गोंधळ उमटला होता. ही पानं मराठीच्या ज्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, तो फॉन्ट असलेला कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता.

बाकीची पानं गेली खड्ड्यात. तिला एकच पान हवं होतं, तिच्या स्वतःच्या जन्माचं. त्याच दिवशी आई गेली. आईने आपल्याला पाहिलं तरी का, हे तिला कुणीच सांगू शकलं नव्हतं. बाबा तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेले. पानावर आकडे तेवढे कळत होते, म्हणून तारखेवरून ते सापडलं. सहा आणि दहा, ही जन्मवेळ. पुढे अकरा, तो खाटेचा नंबर असावा.

शेवटी तिने तेव्हाच्या टायपिस्टबाईंना बोलावून आणलं. बाई आता सत्तरीच्या. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे कुणाच्या बापाला वाचता येईल गं?"

"मावशी, तुम्हीच टाइप केलंय."

"मी? मग थांब. बोटांना विचारते."

बाईंनी दोन्ही हात रिकाम्या टेबलावर ठेवले. पडद्यावरचं एकेक इंग्रजी अक्षर बघत त्या त्याच्या कळेच्या जागी बोटं आपटू लागल्या. समोर कीबोर्ड नव्हता, तरी बोट जागेवर पडलं की तोंडून मराठी शब्द निघत होता. ती थक्क होऊन बघत राहिली. तिच्या प्रोग्रामला जे जमलं नाही, ते या दहा बोटांना तीस वर्षं पाठ होतं.

"'सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मुलगी. लगेच रडली.'" बाईंनी पडद्यावरची पुढची ओळ धरली. "'आई शुद्धीवर. बाळ मागितलं. बाळ आईच्या कुशीत अकरा मिनिटं.'"

"मिनिटं? नक्की?"

"डॉक्टर सांगायचे, मी टाइप करायचे. पदरचं काही घालत नव्हते, पोरी."

तिने आपले दोन्ही तळहात हळूच बाईंच्या बोटांखाली सरकवले.

"परत एकदा," ती म्हणाली.

बाईंनी ते वाक्य तिच्या हातांवर टाइप केलं. अकरा आल्यावर डावी करंगळी एकाच जागी दोनदा टेकली: एक, एक.