मागचं दार

कॉम्प्युटरचा सीडी ट्रे पुन्हा आपोआप बाहेर आला आणि बाळाबाईंनी पदराआडचं लिंबू घट्ट धरलं. मारुंजीतल्या त्यांच्या दुकानात या एका कॉम्प्युटरवर सून पल्लवी लोकांचे अर्ज टाईप करून द्यायची. "बाहिरचं लागलंय ह्याला. लिंबू उतरून टाकते. तरी न्हाई थांबलं, तर उद्या भंगारात," त्या म्हणाल्या. पल्लवी रडवेली होऊन माझ्याकडं बघत राहिली. मी बाळाबाईंच्याच माडीवरची भाडेकरू, हिंजवडीत कॉम्प्युटरवरच पोट भरणारी. "मावशी, लिंबू जरा थांबवा," म्हणत मी इंटरनेटसाठी कॉम्प्युटरला जोडलेली फोनची वायर उपटली आणि ट्रे आत ढकलला. तो आतच राहिला. म्हणजे भूत वायरीतून येत होतं! पल्लवीनं ईमेलवर आलेलं दिवाळीचं ग्रीटिंग उघडलं होतं; त्यात लपलेल्या प्रोग्रॅमनं कुणा परक्याला आत यायची वाट करून दिली होती. मी तो शोधून पुसला, मशीन सुरू होताना त्याला जागं करणारी नोंदही काढली आणि वायर परत जोडली. आम्ही तिघी ट्रेकडं टक लावून बसलो. पंधरा मिनिटं झाली, तो हलला नाही. पल्लवीनं सुस्कारा सोडला. "काय हुतं गं?" बाळाबाईंनी मला विचारलं. "ह्याचं मागचं दार उघडं राहिलं होतं, मावशी. तिथून चोर शिरत होता." त्या सुनेवर खेकसल्या, "रोज बोंबलतीया मी, दिवा लावायच्या आधी मागलं दार लाव म्हून!" मग लिंबू तिच्या हातावर ठेवलं. "जा, सरबत कर तिघीस्नी."