रांगेतली रिकामी जागा

ओपूस हे आमचं लहानसं नगर. लढाईच्या रांगेत आम्ही एका माणसाची जागा रिकामी सोडतो. ट्रॉयला लढलेल्या आणि परतताना समुद्रात बुडालेल्या आमच्या वीराची ती जागा.

रांगेत प्रत्येकाची उजवी कूस शेजाऱ्याच्या ढालीआड असते. या जागेच्या डावीकडे उभ्या असलेल्याची मात्र उघडी राहते. यंदा तिथे माझा मुलगा निकॉन होता.

मी वाचनात रमणारा म्हातारा. माझा मलाच भरवसा नाही. तरी त्याला डावीकडे सरकवून मी तिथे उभा राहिलो.

"बाबा, भाला सरळ तरी धरा," तो म्हणाला. आजूबाजूचे हसले.

शत्रू, म्हणजे शेजारच्या फोकिसचे लोक, टेकडी उतरू लागले. तेवढ्यात माझ्या उजव्या खांद्याला ढालीची कड टेकली. गार, ओली. मला जरा धीर आला.

रांग तपासत आलेला आमच्या तुकडीचा नायक थबकला. "आजोबा, ती जागा मोकळी ठेवायची असते. त्या माणसाला मागे पाठवा."

मी उजवीकडे पाहिलं. कोणीच नव्हतं.

"बाबा, माझ्याकडे सरका," निकॉन हळूच म्हणाला. "तो शत्रूकडे बघत नाहीये. तुमच्याकडे बघतोय."

मी हटलो असतो, तर त्याच्या शेजारी निकॉन आला असता. मी पाय रोवले आणि ढाल उजवीकडे वळवली.